दाणा धरायच्या वेळी

दिवाळी सरली की पंधरा दिवसांच्या आत बारामतीच्या हवेला तो वास लागतो. त्याच्याआधी रस्ता सांगतो. इंदापूर रोडला दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात, त्यांच्या स्पीकरवर छाती हादरवणारी गाणी लागलेली असतात, आणि डांबरावर ठिकठिकाणी पडलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गाड्यांच्या चाकांखाली चिरडून दोन दिवसांत दोरीसारखे होतात. मग एखाद्या सकाळी वारा फिरतो आणि वास येतो. उकळत्या रसाचा गोडवा आणि त्याच्या पोटात मळीचा कडवटपणा. बाहेरगावचे पाहुणे गाडीच्या काचा खाली घेऊन तो छातीत भरून घेतात. आमची ही चहा गाळता गाळता म्हणते, "लागला बरं का हंगाम." मी उठतो आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो.

माझं पोट त्याच वासावर चालतं. मी एका कारखान्यात पॅनमन आहे. उसाचा रस आटवून जो दाट पाक होतो, त्याची साखर ज्या मोठ्या बंद भांड्यात बनते ते पॅन, आणि ते चालवणारा तो पॅनमन. दिवसाचे आठ तास मी त्या वासात उभा असतो आणि तिथे मला काही होत नाही. पण घरी, खिडकीतून, न सांगता आला की दात आवळले जातात. सहा वर्षं झाली. राग शिळा होतो म्हणतात. माझा झाला नाही.

मी मूळचा डाळिंबाचा व्यापारी. व्यापारी म्हणजे मार्केट यार्डात गाळा आणि गादी असलेला नव्हे. मोटारसायकलवर फिरून उभ्या बागा घेणारा. बागेत शिरायचं, चार ओळी चालायच्या, मधल्याच एखाद्या झाडाचं फळ तोडून फोडायचं, दाणे तोंडात टाकून नाक मुरडायचं. फळ चांगलं असेल तर जास्तच मुरडायचं. शेतकरी बोलेल तेवढा बोलू द्यायचा, आणि तो दमला की चपला घालून निघायचं. चपला घातल्यावर जो भाव निघतो तो खरा. निमगावपासून शेळगावपर्यंत कुठल्या बागेत किती माल निघेल हे मी बांधावरून सांगत असे. बापाने मला काही ठेवलं नव्हतं, शिकवलंही नव्हतं. जे आलं ते टक्केटोणपे खाऊन. डोकं तापट, हे खरं. एकदा भाव ठरल्यावर शब्द फिरवणाऱ्याच्या अंगणात मी भरलेलं क्रेट उलटं केलं होतं. पण मला कुणी फसवलं असं झालं नव्हतं.

मग तेल्या रोग आला आणि बागाच गेल्या. झाडं उपटून लोकांनी ऊस लावला. उभा ऊस मला काय कामाचा. उसाच्या मागोमाग मीही कारखान्यात गेलो. चौतिसाव्या वर्षी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसून, पॅन चालवायचा कोर्स केला. दोन हंगाम रस आटवायच्या भांड्यांवर हेल्पर म्हणून काढले. तिसऱ्या हंगामाला नीरेकाठच्या एका कारखान्याने मला पॅनवर घेतलं, एका हंगामाच्या बोलीवर. हंगाम संपता संपता मुख्य केमिस्टसमोर स्वतःच्या हाताने दाणा धरून दाखवायचा. जमला तर कायम, नाही तर राम राम.

तो हंगाम मी सांगतोय.

पॅन तिसऱ्या मजल्यावर असतात. लोखंडी जिन्याच्या पायऱ्या पाकाने चिकट, प्रत्येक पावलाला चप्पल किंचित धरून ठेवणाऱ्या. वर गेलं की गरम वाफ तोंडावर येते आणि कानात आवाज भरतो, तो पाळी संपेपर्यंत उतरत नाही. एका बाजूच्या जाळीतून खाली यार्ड दिसतं: बैलगाड्यांची रांग, वजनकाटा, त्यापलीकडे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, आणि कोप्यांच्या धुरावर वाळत घातलेली लुगडी. थंडीत खाली माणसं शेकोटीला बसलेली असत आणि आम्ही वर बनियनवर.

आणि पॅनच्या समोर रणवरे साहेब. आमच्या पाळीचे पॅन इन्चार्ज. पोटाने सुटलेले, पाठीने रुंद, वय अठ्ठावन्नला, म्हणजे निवृत्तीला टेकलेलं. राहायला इंदापूरला. त्यांच्या हाताबद्दल चार तालुक्यांत बोललं जायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, आधी काय करायचो. मी सांगितलं. ते हसले. "म्हंजी यापारी हायस म्हण की." तेव्हापासून मी त्यांचा यापारी.

या माणसाने मला काय काय शिकवलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाही तर माझी तक्रार खोटी ठरेल. वाफेचा व्हॉल्व्ह किती वळशांवर सैल धरायचा ते त्यांनी माझ्या मनगटावर स्वतःचं मनगट ठेवून शिकवलं. पंप कण्हायला लागला की दाबाचा काटा बघायच्या आधी कान द्यायचा, हे शिकवलं. पितळी कांडीने पॅनमधला नमुना कसा ओढायचा, काचेच्या पट्टीवर तो कसा पसरायचा, दिव्यासमोर धरून काय पाहायचं, पाक अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ओढून त्याची तार कशी जोखायची. एकदा माझ्या हातावर गरम पाक उडाला, तेव्हा हा माणूस मला पाण्याच्या नळाखाली धरून बसला आणि वरून शिव्या देत राहिला. दुपारी डबा उघडला की भाकरीचा अर्धा भाग माझ्याकडे. पॅनवर माझं काही चुकलं तर लॅबवाल्यांची बोलणी ते स्वतः खायचे. घरी मी सांगायचो, बाप असा असता तर.

आता दाणा म्हणजे काय, तेही सांगतो. पाक पॅनमध्ये घट्ट होत जातो, होत जातो, आणि एक क्षण असा येतो की आता त्यात साखरेची अगदी बारीक वाटलेली बी सोडली तर सगळ्या पाकात एकदम कण उमटतात. तो साखरेचा जन्म. क्षणाच्या आधी सोडली तर बी विरघळून जाते. उशीर झाला तर बिनबोलावलेले कण धुळीसारखे उठतात. त्याला खोटा दाणा म्हणतात, आणि मग पाणी देऊन सगळं धुवून पुन्हा आणायचं. बाकी पॅनचं काम म्हणजे राखण. दाणा धरणं म्हणजे कसब. ते पुस्तकात वाचून येत नाही. शेजारी उभं राहून, पुन्हा पुन्हा बघून येतं.

आणि मी शेजारी नव्हतो.

मी कुठे होतो? खाली. वजनकाट्याच्या भिंतीला टेकून, एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाला मोबाइल लावून, साहेबांसाठी सौदा करत.

साहेबांचं इंदापूरचं घर तेव्हा अर्धं झालं होतं आणि मुलीचं लग्न ठरलं होतं. पहिल्यांदा फरशीचा विषय निघाला. बारामतीच्या एका दुकानदाराने त्यांना भाव सांगितला होता, तो मला डबा खाताना कळला आणि माझं डोकं तापलं. मी म्हणालो, साहेब, हा तुम्हाला लुटतोय. ते म्हणाले, "आपल्याला कुटं बोलाया जमतंय? तू बघ की मग. जा, खाली जाऊन फोन लाव, हितं काय ऐकू येतंय." मी गेलो. त्या फरशीवाल्याला मी आधी साहेबांचा मेहुणा आहे म्हणून बोललो, मग इंदापूरच्या दुसऱ्या दुकानातून बोलतोय असं भासवलं, मग रागावून फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. वर येऊन मी साहेबांना ठरलेला भाव सांगितला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप मला घरी जाईपर्यंत जाणवत होती.

मग मांडववाला. मग आचारी. मग जावयाला द्यायची जुनी मोटारसायकल, तिचा मालक पाटसचा, भारी चेंगट. मग दारच्या लोखंडी गेटचं काम. सौदा कधी एका फोनमध्ये होत नाही. आज हलवून ठेवायचा, परवा पुन्हा डिवचायचा. साहेबांना बरोबर आठवण व्हायची. "यापारी, त्या मांडववाल्याचं काय झालं रं? बघ बरं जरा." मी बघायला जायचो. वर यायचो तेव्हा दाणा पडलेला असायचा. साहेब काचेची पट्टी दिव्यासमोर धरून मला बोलवायचे. "ये, बघ कसा बसलाय." बारीक, सारखा, चमकणारा. मी बघायचो आणि छाती फुगायची, जणू मीच धरला.

जेव्हा मी वर असायचो तेव्हाही त्या घटकेला लॅबमध्ये काहीतरी पोचवायचं निघायचं. आणि काहीच नसलं तर त्यांची पाठ असायची. पॅनमध्ये डोकवायची काच आणि मी, यांच्यामध्ये ती रुंद पाठ. घामाने बनियन चिकटलेलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना ओली ओळ. ती पाठ मी आजही चित्रात काढून दाखवू शकेन. त्या पाठीच्या पलीकडे हात काय करत होते, ते मात्र मी पाहिलं नाही.

एवढा हुशार माणूस मी, मला संशय कसा आला नाही? हा प्रश्न मी स्वतःला सहा हंगाम विचारतोय. उत्तर लाजिरवाणं आहे. साहेबांची मदत फुकट असती तर मला नक्की संशय आला असता. व्यापारी माणूस फुकट दिलेल्या वस्तूला चारी बाजूंनी बघतो. पण मला वाटत होतं की मी त्या मदतीची किंमत देतोय. चार फोन, थोडी बडबड, आणि बदल्यात जन्माचा हुन्नर. मी मनातल्या मनात खूश होतो की सौदा माझ्या बाजूने झुकलाय. रोज जिना उतरताना मला वाटायचं, साहेब भोळे आहेत.

आणि आणखी एक. मला जे येत होतं त्याचं कौतुक करून त्यांनी मला जे येत नव्हतं त्याच्यापासून लांब ठेवलं. शिव्या देऊन कुणी मला त्या पॅनसमोरून हलवू शकलं नसतं. मी भांडलो असतो, कांडी घेऊन अंगावर गेलो असतो. कौतुकाने मी आपल्या पायाने खाली गेलो.

फेब्रुवारी सरता सरता ऊन चढू लागलं, यार्डातली रांग आखूड झाली, आणि एका सकाळी मुख्य केमिस्ट वर आले. बरोबर ऑफिसातले दोघे. केमिस्ट सरळ माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. म्हणाले, चला, तुमच्या हाताने होऊ द्या.

पाक घेतला, व्हॉल्व्ह धरला, तिथपर्यंत माझा हात कुणालाही हेवा वाटावा असा चालला. तार ओढली. एक तार आली. आता का? थांबू का? मी साहेबांकडे पाहिलं. ते बाजूला हात मागे बांधून उभे होते आणि काट्याकडे बघत होते. मी बी सोडली. नमुना ओढला, काचेवर काही नाही. विरघळली. मग भीतीने थांबलो, आणि जास्तच थांबलो. दुसऱ्यांदा काच दिव्यासमोर धरली तेव्हा तिच्यावर धूळ होती. एकसारखे कण नव्हेत, धूळ. केमिस्टांनी नुसतं "पाणी द्या" म्हटलं.

मग त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मानूस चांगला हाय. कष्टाळू हाय. अजून एक हंगाम लागंल." आणि पुढे होऊन, मला हलकेच खांद्याने बाजूला सारून, त्यांनी पॅन हातात घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या कडेला उभं राहून सगळं पाहिलं. बी सोडायच्या आधी ते काचेतून आत बघत होते. उकळत्या पाकाचा काचेवर उडालेला थेंब खाली उतरायला किती वेळ घेतो, ते. तार दुय्यम होती. तो थेंब मला कधीच कुणी दाखवला नव्हता. आयुष्यात त्या एका प्रसंगी मला राग आला नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात मला कळवलं गेलं की पुढच्या हंगामाला येऊ नये. त्याच आठवड्यात साहेबांना मुदतवाढ मिळाली. हिशेबाला टाइम ऑफिसात गेलो तेव्हा तिथला क्लार्क, माझ्या ओळखीचा, हळहळत म्हणाला, साहेबांचा अर्जच तसा होता, पाळीत दाणा धरणारा दुसरा कोणी तयार नाही म्हणून. मी म्हटलं, खरंच आहे, नव्हताच. तो म्हणाला, पण अर्ज तर मोळी टाकायच्या आधीचा.

मोळी टाकतात तेव्हा हंगाम सुरू होतो. म्हणजे मी त्या जिन्यावर पहिलं पाऊल ठेवायच्या आधी, त्यांनी मला एकदाही पाहिलेलं नसताना, मी तयार होणार नाही हे लिहून झालं होतं. भाकरी, मनगट, नळाखाली धरलेला हात, सगळं त्याच्यानंतरचं.

मी मोटारसायकल काढली आणि इंदापूर गाठलं. साहेब सोप्यात पेपर वाचत होते. पायाखाली मी घासाघीस करून मिळवलेली फरशी होती, थंडगार. त्यांच्या मंडळींनी चहा आणला. मी तो घेतला नाही.

"साहेब, अर्ज मोळीच्या आदी दिलाय तुमी."

त्यांनी पेपराची घडी घातली. "व्हय. दिला."

"मग मला शिकवलं कशाला?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "शिकवलं न्हाय का मी? व्हॉल्व्ह कुणी दिला हातात? कुणाला जेवू घातलं येवढं?"

"दाणा न्हाय शिकवला."

ते खालच्या आवाजात बोलले, आणि मला वाटतं त्यात खोटं काही नव्हतं. "पोरीचं लगीन तोंडावर हुतं. घर उघडं हुतं. मी पॅनवरनं उतारलो असतो तर मला कोण इचारनार हुतं, सांग? हात हाय तवर साहेब म्हणत्यात." पुढे म्हणाले, "आन् तू तरी कवा म्हनलास का, फोन ऱ्हाऊ द्या, आज मला हितं उभं ऱ्हाऊ द्या म्हणून? म्हनला असतास तर मी काय ढकलून देणार हुतो तुला जिन्यावरनं? तुलाच लई हौस बोलायची."

मी बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही, शेजारचे गॅलरीत आले होते. परत येताना लासुर्ण्यापर्यंत मी मोठ्याने भांडत होतो, एकटाच, हेल्मेटच्या आत. त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याला उत्तर शोधत होतो. बाजारात ज्याने कधी समोरच्याला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही, त्याला ते उत्तर सापडलेलं नाही. मागायला हवं होतं का? जेवायला बसलेल्या माणसाने, मला सगळंच वाढा, असं म्हणायचं असतं का?

पुढच्या हंगामाला मी दुसऱ्या कारखान्यात लागलो, खालच्या जागेवर. तिथल्या म्हाताऱ्या पॅनमनला सगळे तात्या म्हणत. तात्यांनी मला भाकरी दिली नाही, नाव विचारलं नाही, पाठीवर थाप तर दूरच. पहिल्याच दिवशी बोटाने जागा दाखवून म्हणाले, "हितं उभा ऱ्हा. थेंब बघ." मी बघितला. बाराव्या दिवशी माझा दाणा पडला. मी जिन्यावर जाऊन बसलो आणि मला रडू आलं, पण आनंदाचं नव्हे. बारा दिवस. एवढंच होतं ते. बारा दिवसांसाठी माझा अख्खा हंगाम घेतला होता.

आज माझ्या हाताखाली जे येतात त्यांना मी काचेसमोर उभं करतो. मी बाजूला सरकून उभा राहतो, इतका की मला स्वतःला नीट दिसत नाही. लोक म्हणतात, शिकवण्याची तळमळ आहे. तळमळ वगैरे काही नाही. मी रागाने शिकवतो. एक माणूस शिकला की मला वाटतं, ती पाठ बोटभर अरुंद झाली. पण बारामतीत कुणी भेटलं की म्हणतं, तुम्ही रणवऱ्यांच्या हाताखालचे ना, तरीच. मी मान हलवतो. काय सांगणार चौकात उभं राहून.

गेल्या महिन्यात, हा वास यायच्या दोन-चार दिवस आधी, एका खासगी कारखान्याच्या व्यवस्थापकांचा मला घरी फोन आला. म्हणाले, रणवऱ्यांची मुदतवाढ केव्हाच संपली, सध्या ते घरीच आहेत, आम्ही त्यांना घ्यायचं म्हणतोय. पॅन चालवतील आणि आमची तीन नवीन माणसंही तयार करतील. तुम्ही त्यांच्याकडे होतात, काय मत आहे?

सहा वर्षं मी या फोनची वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल. चांगल्या मालाला नाव कसं ठेवायचं, हे मला शिकवायला नको. हात थरथरतो, नजर गेली, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "दाणा त्यांच्यासारखा कुणी धरत नाही. घ्याच त्यांना. फक्त हाताखाली माणसं देऊ नका." त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणालो, "एवढंच सांगतो."

काल दुपारी साहेबांचा फोन आला. आवाज खोल गेलाय. म्हणाले, तू माझ्याबद्दल चांगलं बोललास असं कळलं, घेतलं त्यांनी मला. मी हो म्हणालो. घरचं विचारलं, माझ्या हाताखाली किती माणसं आहेत ते विचारलं, मी सांगितलं. मग मुद्द्यावर आले.

"येक कळंना बघ. तीन नवी मानसं घेतल्यात, पण ती दुसऱ्या पाळीला लावली. मला म्हनले, तुमी नुसता पॅन बघा. येकट्यालाच उभं केलंय. मी काय खाणार हुतो का त्यास्नी? का केलं आसंल रं तसं?"

मला कारण माहीत होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पलीकडे साहेब थांबले होते, कान देऊन, मी काहीतरी सांगेन म्हणून.

मी म्हणालो, "काय की साहेब."

माझा एक हंगाम कारण न कळता गेला. त्यांचाही जाऊ दे.